खालच्या मजल्यावरून

छतावर डाग दिसला तेव्हा आधी वाटलं
चष्म्यावर काहीतरी आहे.
पुसला. डाग तिथंच. कडेनं पिवळसर,
हेलच्या द्वीपकल्पासारखा लांब आणि वाकडा.
कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांबद्दल म्हणतो.
इथं खरंच मुरत होतं.

चपला अडकवून जिना चढले.
व्झोसेकनं दार उघडलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
हातात पिळायचं फडकं,
मागं तीनशे लिटरची टाकी आणि तिच्यात मासे,
काहीच झालं नसल्यासारखे.

"काचेला भोक पाडता येत नाही," तो म्हणाला.
माफी मागायच्या आधी हे.
"टफन्ड आहे. ड्रिल टेकवलं की तांदूळ होतात."

ग्दिन्याच्या गोदीत चाळीस वर्षं जहाजांचे पाइप जोडलेला माणूस.
त्यानं ॲक्रेलिकच्या दोन पेट्या केल्या होत्या,
एक काचेच्या आत, एक बाहेर, पाठीला पाठ,
आणि काठावरून उलटी वाकलेली एक नळी.
पाणी आतल्या पेटीच्या दातांवरून उतरतं,
नळीतून काठ चढतं,
बाहेरच्या पेटीत पडतं, पाइपातून खालच्या टाकीत जातं,
तिथून पंप त्याला पुन्हा वर पाठवतो.
दातांचं अंतर त्यानं बायकोच्या कंगव्यावरून घेतलं होतं.
बायको श्चेचिनला बहिणीकडे राहायला गेली,
कंगवा राहिला.

"पाणी चढतं कसं?"
"पुढं गेलेलं पाणी मागच्याचा हात सोडत नाही."
"मग काल रात्री?"
तो फडकं पिळत राहिला.
"सोडला."

नळीच्या माथ्यावर बुडबुडे साठले होते, मोहरीएवढे,
एकेक करून, आठवडाभर.
पंपाला काय कळतं? तो ढकलत राहिला.

शनिवारी मी पुन्हा वर गेले. चांगुलपणानं नाही,
छत माझं होतं.
त्यानं मला नवी पेटी धरायला लावली
आणि फटीला सुईचं टोक लावलं.
सोल्व्हंट आपणहून धावला, कडेकडेनं, काच ओली व्हावी तसा.
नळी या वेळी बारीक.
जाड नळीत पाणी रेंगाळतं, म्हणाला,
बारीक नळीत ते घाईत असतं,
हवेलाही सोबत ओढून नेतं.

चालू केलं.
घॉर्र. थांबलं. घॉर्र.
पियानो सुरात लावणं हा माझा धंदा, सव्वीस वर्षांचा.
असला आवाज मला दोन मजल्यांवरूनही झोपू देत नाही.
"टोपणाला भोक आहे?"
"तीन मिलिमीटर."
"कमी आहे. पाइपाला श्वास पुरत नाहीये."
त्यानं चार केलं, मग पाच.
मी भोकावर बोट ठेवलं, उचललं,
पुन्हा अर्धं ठेवलं,
खुंटी केसभर फिरवावी तसं.
आणि एका जागी ते गप्प झालं.
व्झोसेक माझ्या बोटाकडे बघत राहिला.
तेवढंच भोक त्यानं ठेवलं.

मग त्यानं प्लग काढला.
पाणी दातांपर्यंत उतरलं आणि तिथं थांबलं.
नळीची दोन्ही टोकं पाण्याखाली.
आम्ही चहा घेतला. बोललो काहीच नाही.
प्लग लावला,
आणि एक क्षण, लांबलचक,
काहीच हललं नाही,
मग पहिल्या दातावरून पाणी वाकलं.

खालच्या टाकीवर त्यानं लाल रेघ मारली आहे.
तिच्यावर पाणी भरायचं नाही.
नळीनं पुन्हा हात सोडलाच
तर तेवढंच पाणी वर जाईल आणि काठाच्या आत मावेल.
रेघ सरळ आहे का, हे मी टेप लावून बघून आले.

आता रात्री मी ऐकते. काही ऐकू येत नाही,
आणि त्यानंच जाग येते.

रविवारी तो छत रंगवायला आला,
पांढरा रंग चुकीचा घेऊन.
डाग गेला.
त्याच्या जागी आता
बाकी छतापेक्षा जास्त पांढरं हेल आहे.